वनमाला वजा शालिग्राम

शालिग्राम ढोकेनं घरात कॅमेरा लावू दिला नाही. पोरीनं, संपदानं, पुण्याहून पार्सल पाठवलं, त्यात वाटाण्याएवढ्या डोळ्याचा कॅमेरा निघाला. शालिग्रामनं तो डब्यासकट परत पाठवला आणि फोनवर म्हणाला, "मी काय चोर आहो का, तू माह्यावर पाळत ठेवून राहिली?" आणि ह्याच शहाण्यानं पुढे आपल्या हातानं, स्क्रू पिळून, घरात असा एक चुगलखोर आणून बसवला की कॅमेरा परवडला असता. पायावर धोंडा पडणं वेगळं आणि धोंडा उचलून, नीट नेम धरून पायावर टाकणं वेगळं. शालिग्रामचा प्रकार दुसरा होता.

शालिग्रामचा बाप अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आला आणि इथलाच झाला. शालिग्रामनं स्वतः उमर काढली शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांतल्या भट्ट्यांवर. लोखंड तापवायच्या भट्टीत कुठे किती ताप आहे हे मोजायचं, ते मोजणारी यंत्रं बसवायची आणि बिघडली तर दुरुस्त करायची, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावरही निरंजन नावाच्या एका माणसाच्या छोट्या दुकानासाठी तो हेच काम करत होता. तेलीबांधा तलावाच्या मागच्या गल्लीत त्याचं घर, एक बैठक, एक आतली खोली आणि स्वयंपाकघर. त्यानं ते बांधलं तेव्हा मागे धानाची शेतं होती. आता चहूकडून इमारती उठल्या आहेत आणि दुपारी घरावर त्यांची सावली पडते. मागच्या साली पोळ्याच्या आधी त्याची बायको वनमाला गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. तेव्हापासून घरात तो एकटा.

संपदानं तेव्हाच सामान बांधायला घेतलं होतं. "चला पुण्याले. इथं एकटे काय करान?" शालिग्राम म्हणाला, नाही. पुण्यात वनमालेनं कधी पाऊलही टाकलं नव्हतं. तिथं ती कुठेच नसणार. इथं निदान ती कुठे कुठे नाही हे त्याला ठाऊक होतं: खिडकीजवळच्या खुर्चीत नाही, तुळशीपाशी नाही, ओट्यापुढे नाही. हे पोरीला कसं सांगणार? तो नुसता नाही नाही म्हणत राहिला. शेवटी बाप-लेकीत करार झाला. रोज एक वेळ तरी त्यानं घरी, आपल्या हातानं करून, गरम जेवायचं. "आणि ज्या दिवशी मले कळलं का तुम्ही उपाशी राहता," संपदा म्हणाली, "त्या दिवशी मी येईन, घराले कुलूप लावीन आन तुम्हाले घेऊन जाईन. मग रुसा का फुगा." शालिग्रामनं मान डोलावली. बेसनाचं पुडकं आणलं, तांदूळ आणले, तेल आणलं, मोहरी आणली. पोरगी गाडीत बसली आणि त्या दिवसापासून गॅसची शेगडी एकदाही पेटली नाही.

येत नव्हतं असं नाही. वनमाला माहेरी गेली की तोच करत असे, पिठलं-भात, खिचडी, प्रसंगी भाकरही थापत असे. आता मात्र पायच आत वळत नव्हता. त्याला कारण होतं. वनमालेचा एक नेम होता: करणाऱ्यानं चाखायचं नाही, अन्न उष्टं होतं. मग मीठ बरोबर झालं का हे कळणार कसं? तर शालिग्रामला हाक यायची. तो बैठकीत काहीही करत असो, उठून ओट्याशी जायचा, तळहात पुढे करायचा आणि ती पळीतून दोन थेंब हातावर टाकायची. "पाहा बरं." तो चाटून सांगायचा, "जरासक पाहिजे," किंवा "झकास." ती घरी असली की स्वयंपाकघरात त्याचं काम एवढंच, पण ते रोजचं होतं. आता करणारा तोच आणि चाखणाराही तोच. मग नेम कुठे राहिला? ती गेल्यावर तो एकदा भांडं घेऊन ओट्याशी उभा राहिला होता, जरा वेळ उभाच राहिला आणि भांडं पालथं घालून बाहेर आला.

सकाळी चौकातल्या टपरीवर चहा-पोहे, दुपारी कुठे समोसा, संध्याकाळी मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि फुटाणे, वर दोन केळी. ह्यावर गडी दिवस काढत होता. आणि संध्याकाळी फोन आला की? तेव्हा काय विचारता! तोंडाला पाणी सुटावं असं खोटं बोलायचा.

"बाबा, जेवले का?"

"हव, आत्ताच उठलो."

"काय केलं होतं?"

"वांग्याची भाजी अन् भाकर. तुझी आई करे तशीच, तीळ कुटून. झकास झाली."

"भाकर गोल झाली का?"

"चंद्रावाणी."

कधी गोळा भात, कधी पाटोडीची भाजी. वाटण कसं भाजलं, तेल कसं सुटलं, सगळं तो सांगायचा. सांगताना त्याला स्वतःला भूक लागायची आणि फोन ठेवला की तो मुर्ऱ्याची पिशवी उघडायचा. त्याचं दुःख मोठं होतं हे खरं, पण खोटं बोलण्याची हौसही काही लहान नव्हती.

अशात निरंजननं ते यंत्र आणलं. उरल्याच्या एका कारखान्यासाठी नवा रेकॉर्डर. जुन्या यंत्रात कागदाची गुंडाळी फिरायची आणि वर शाईची लेखणी रेघ ओढायची; ह्यात कागद नाही, नुसता पडदा, त्यावर रंगीत रेघा सरकतात. आणि हे पठ्ठं नुसतं टिपत नाही, हिशेबही करतं. भट्टीच्या वरच्या बाजूचा ताप आणि खालच्या बाजूचा ताप ह्यांची वजाबाकी करायला सांगा, ती वजाबाकी तिसरी रेघ म्हणून काढत राहतं. फरक वाढला की समजायचं, माल एका बाजूनं कच्चा राहणार. सरासरी सांगा, ती काढेल. वर रोज संध्याकाळी दिवसाचं चित्र ज्याला सांगाल त्याला मेलनं पाठवेल.

आता ह्या धंद्यात शालिग्रामचा एक रिवाज होता. त्याचे उस्ताद बाबाराव म्हणत, यंत्र भट्टीच्या धुळीत न्यायच्या आधी त्याला चार दिवस आपल्या घरचं पाणी पाजावं. घरी आणावं, चालू करून ठेवावं, त्याच्या खोडी समजून घ्याव्यात. आणि तपासणीसाठी रेघांना नावं द्यायची ती घरच्या माणसांची द्यावीत. 'एक नंबर, दोन नंबर' अशी दिली तर ती तशीच कारखान्यात जातात आणि मग घोळ होतो. बायकोचं नाव दिलं की ते पुसल्याशिवाय यंत्र हातातून सुटत नाही. आपल्या बायकोचं नाव कोण परक्याच्या भट्टीवर लिहून येईल? शालिग्राम हे उमरभर पाळत आला होता. वनमाला त्या यंत्रांना सवत म्हणायची, पण रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची.

तर शालिग्रामनं रेकॉर्डर आतल्या खोलीत फळीवर ठेवला. ताप मोजायची एक तार स्वयंपाकघरात नेऊन शेगडीच्या वर, झारा अडकवायच्या खिळ्याला बांधली. दुसरी बैठकीत आपल्या खुर्चीमागे. का? तर सवय. नेहमी तो तिथंच बांधायचा, कारण स्वयंपाकघर तापतं, बैठक तापत नाही आणि वजाबाकी छान दिसते. लाल रेघेचं नाव दिलं 'वनमाला', निळ्या रेघेचं 'शालिग्राम'. हिशेबाच्या जागी सूत्र घातलं, वनमाला वजा शालिग्राम, आणि त्याला हिरवा रंग दिला. मग मेल जातो का हे पाहायचं होतं. घरात नेट होतं. संपदानंच लावून दिलं होतं, फोनवर तोंड दिसावं म्हणून. आपला स्वतःचा मेल शालिग्रामला कधीच उघडता येत नसे, त्यामुळे पाठ असलेला एकच पत्ता त्यानं दाबला: संपदाचा. पडद्यावर 'मेल गेला' असं आलं. काम झालं. पत्ता लगेच पुसायचा होता, तेवढ्यात दारावर पेपरवाला आला, सुट्टे पैसे शोधण्यात वेळ गेला आणि पत्ता तसाच राहिला. नावं पुसायची सवय उमरभराची होती. मेल ही भानगड नवी होती, बाबारावांच्या वेळी नव्हती.

दिवस गेले. शालिग्राम येता-जाता पडदा पाहायचा. लाल आणि निळी एकमेकींवर बसलेल्या, हिरवी शून्यावर, सुतासारखी सरळ. यंत्रवाल्याला आणखी काय पाहिजे? जरा डगमगत नाही, म्हणजे यंत्र उत्तम आहे, असं तो मनाशी म्हणायचा आणि खूश व्हायचा. ज्या माणसानं भट्टीची वाकडी रेघ पाहून आत काय चाललंय ते ओळखलं, त्याला आपल्या घरातली सरळ रेघ वाचता आली नाही. आपलं जवळचं कोणाला दिसतं?

शेवटी एका दुपारी निरंजनचा फोन आला. निरंजन घरचा मराठीच, पण बोलायचा हिंदी. "काका, कल सुबह उरला में लगाना है. मेल में प्लांटवालों का पता डाल देना."

"हव, टाकतो," म्हणून शालिग्रामनं पत्त्यांचं पान उघडलं आणि पाहतो तर पहिल्या ओळीवर संपदा.

त्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं पाठवलेल्या मेलांची नोंद उघडली. रोज संध्याकाळी एक. एकही दिवस चुकला नव्हता. दिवसाचं चित्र, तिन्ही रेघा, खाली नावं, सगळं पुण्याला पोचलं होतं, आणि ते पोचल्यावर थोड्या वेळानं रोज संपदाचा फोन येत होता. भाकर गोल झाली का?

शालिग्रामच्या तोंडचं पाणी पळालं. तिला वाचता येत नसेल अशी आशा धरावी, तर तीही सोय नव्हती. पोरगी ह्याच रेघांवर वाढली होती. जुन्या गुंडाळ्यांच्या कागदाची कव्हरं ती पुस्तकांना घालायची, आणि मांडीवर बसून विचारायची, इथं रेघ काहून वर गेली बाबा? तो सांगायचा, इथं दार उघडलं, इथं माल घातला. विमा कंपनीत नोकरी करते म्हणून काय ते विसरली असेल? आईच्या नावाची तार नेहमी शेगडीच्या डोक्यावर असते हे तिला ठाऊक होतं, आणि ती दिवसचे दिवस बैठकीइतकीच थंड. ह्याचा अर्थ पुस्तकाच्या कव्हराएवढा सोपा होता.

तो खुर्चीत बसला. लाज वाटली, आणि भीतीही. आता ती येणार, घराला कुलूप लावणार. मग एकाएकी त्याच्या मनात आलं, आजचा मेल अजून जायचा आहे. सूत्रात नुसता एक आकडा मिळवला तर हिरवी रेघ उचलून वर बसेल. वनमाला वजा शालिग्राम अधिक दहा, की झालं. हात पडद्यापर्यंत गेलाही. पण उरल्यात किती मालकांनी त्याला सांगितलं होतं, ढोकेजी, जरा रेघ सीधी कर दो, आणि त्यानं कधी केली नव्हती. आता म्हातारपणी स्वतःच्या पोरीसाठी करायची? हात मागे आला.

मग त्यानं दुसरी पळवाट काढली. रेघ चढते कशी हे तपासायचं राहिलंच होतं की! तपासायलाच पाहिजे. त्यानं पातेल्यात पाणी घेतलं, वर झाकणी घातली, शेगडीवर ठेवलं आणि गॅस पेटवला. स्वतःला फसवायला माणसाला दुसऱ्याची मदत लागत नाही.

तो आतल्या खोलीत येऊन पडद्यासमोर उभा राहिला. जरा वेळ काही झालं नाही. मग लाल रेघ हलली. निळीपासून सुटली आणि वर निघाली. मागोमाग हिरवी शून्यावरून उठली. रेघेच्या टोकाशी इंग्रजी अक्षरांत नाव होतं, वनमाला, आणि ते नाव रेघेबरोबर वर वर जात होतं. स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येऊ लागला. भांड्यावर झाकणी थडथडत होती, घरात कोणीतरी काहीतरी करत असल्यासारखी. शालिग्रामला रडू आलं. वर्ष होत आलं होतं आणि तो असा रडला नव्हता.

गॅस बंद करायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. पण बंद केला की रेघ खाली येणार. त्याच्यानं बंद करवेना. मग त्यानं पाण्यात तांदूळ टाकले. लसूण टपरीवाल्याकडून मागून आणला, मिरची तिथलीच, आणि दुसऱ्या शेगडीवर कढई चढवून तेल-मोहरीची फोडणी घातली. बेसनाचं पुडकं फोडलं. मीठ टाकलं. पिठलं रटरटायला लागलं तसं पळीत थोडं घेऊन, फुंकर मारून, तो वळला.

वळला आणि तसाच उभा राहिला. मागे कोण असणार होतं? पळीतलं त्यानं आपल्याच तळहातावर घेतलं, पण तोंडाशी नेलं नाही. हात धुऊन टाकला. मीठ टाकलं होतं की नाही हे आता आठवेना. नसेल टाकलं म्हणून आणखी एकदा टाकलं.

त्या संध्याकाळी मेल गेला. पत्ता त्यानं मुद्दाम पुसला नव्हता. ताट वाढून तो फोनची वाट पाहत बसला. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. फोन वाजला.

"बाबा, जेवले का?"

"बसून राहिलो."

"काय केलं?"

"पिठलं-भात." त्यानं ताट जरा पुढं सारलं. "पोरी, भल्लं खारट झालं. तोंडात घालवत नाही."

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पहिल्यांदा तुम्ही कायले तरी वाईट म्हटलं," संपदा म्हणाली. "इतके दिवस सगळं झकासच होऊन राहिलं होतं."

"मेल भेटत होता तुले."

"हव. पहिल्या दिवशी मी कचरा समजून पुसूनच टाकत होती. मग नाव दिसलं. आईच्या नावाचा मेल आला, बाबा. रोज हापिसातून उठायच्या आधी उघडून पाहत होती. म्हटलं, आज तरी आईची लाईन वर जाईल. रोज दोघंही सपाट."

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? तुम्ही सांगत होते वांग्यात तीळ कसे कुटले. आई करे तसंच्या तसं. मी इथं मेसचा डबा समोर ठेवून ऐकत होती. बोलली असती तर तुम्ही सांगणं बंद केलं असतं."

 आपण पोरीला फसवतोय असं शालिग्रामला वाटत होतं, आणि पोरगी त्या खोट्यावर जेवत होती. त्यानं विचारलं, "मग आता? सामान बांधू का?"

तिनं उलट विचारलं, "खारट कसं झालं? चाखून नाही पाहिलं?"

"करणाऱ्यानं चाखू नये. तुझ्या आईचा नेम."

"मग?"

"हातावर घेतलं होतं," तो म्हणाला. "द्याले कोणी नव्हतं."

 फोन कोणीच ठेवला नाही.

"रविवारी येते," संपदा म्हणाली.

"घ्याले?"

"चाखाले," ती म्हणाली. "पुढचं पुढं पाहू. पण तुम्ही करून ठेवजा, मी करणार नाही."

फोन ठेवल्यावर शालिग्रामनं पिठल्यात गरम पाणी घातलं, वर भात कालवला आणि ताटातलं सगळं जेवला. ताट घासलं. ओटा पुसला. मग आतल्या खोलीत गेला. सकाळी यंत्र उरल्याला जायचं होतं, नावं पुसायची होती, पत्ता काढायचा होता. पडद्यावर लाल रेघ निळीकडे उतरत होती आणि हिरवी शून्याकडे. तो पाहत उभा राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं शेगडी पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं. जेवणावर चहा प्यायची त्याला सवय नव्हती.